बाहेरच्या एव्हिअरीतली थंडी: किमान १५ अंशांपासून शून्यापर्यंतच्या नोंदी

एव्हिअरीत, म्हणजे पक्ष्यांच्या मोठ्या जाळीच्या घरात, बजी आणि कॉकाटेल हे छोटे पाळीव पोपट आहेत. दोन्ही उन्हाळ्यापासून बाहेरच आहेत, त्यामुळे पिसगळ बाहेर झाली आणि नवी पिसं दाट आली. घरातल्या उबेत राहिलेला पक्षी मात्र ऐन थंडीत बाहेर काढू नये. त्याच्याकडे ती पिसंच नसतात.

किमान १५

आधी वारा आणि ओल अडवली. कोरडी थंडी हे पक्षी बऱ्यापैकी सोसतात. भिजलेली पिसं आणि त्यावर वारा हे त्यांना सोसत नाही. निवाऱ्याच्या तीन बाजू १२ मिमी प्लायने बंद केल्या, वर उतार देऊन पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकला. छताखाली समोरासमोर ५ सेमीच्या फटी जाळी लावून उघड्या ठेवल्या. सगळ्यात वरची दांडी या फटींच्या बरीच खाली हवी, म्हणजे हवा पक्ष्यांच्या डोक्यावरून जाते. फटी बुजवायचा मोह होतो, पण मग श्वासातली वाफ पत्र्याला लागून थेंब पडतात, तळाचा भुसा ओला होतो, बुरशी धरते आणि ती फुप्फुसात जाते. सकाळी पत्र्याला आतून थेंब दिसले की फट कमी पडते आहे असं समजावं. झोत तपासायला टिश्यू पेपरची पट्टी दांडीच्या उंचीवर टांगायची. ती सतत हलत असेल तर कुठला तरी सांधा उघडा आहे.

किमान १०

रात्रीच्या दांड्या बदलल्या. या कामाकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं, आणि बोटं जातात ती इथेच. बारीक गोल दांडीवर बोटांची टोकं खाली वळून उघडी राहतात. चपट्या लाकडी पट्टीवर बोटं सपाट पसरतात आणि पोटाची पिसं त्यांना झाकून टाकतात. बजीसाठी २५ ते ३० मिमी, कॉकाटेलसाठी ४० मिमी रुंदी घेतली, कडा कानसने गोल केल्या. लोखंडी किंवा प्लास्टिकची दांडी नको. दिवसा बसायला वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या तशाच ठेवल्या आहेत. कायम सपाट पट्टीवर बसून तळव्याला फोड येतात.

अंडी घालायच्या मटक्या आणि बॉक्स याच टप्प्यावर काढले. थंडीत मादीच्या पोटात अंडं अडकण्याचा धोका वाढतो, आणि बॉक्स दिसला की जोडी जुंपते.

किमान ५

हीटर सुरू केला. १०० वॉटचा, उजेड न देणारा सिरॅमिक एमिटर, निवाऱ्याच्या एकाच टोकाला. भोवती जाळीचा पिंजरा आणि वायर पाइपमधून, कारण कॉकाटेल वायर सोलतात. थर्मोस्टॅट ८ अंशांवर आहे. २० वर ठेवला तर पक्षी आतच बसून राहतात, आणि रात्री वीज गेली की तासाभरात १५ अंशांची घसरण होते. ती थंडीपेक्षा घातक. कोणताही हीटर घेताना नॉनस्टिक कोटिंग नाही याची खात्री करा. ते जास्त तापलं की त्याचा धूर पक्ष्यांना मारतो. केरोसीनचा हीटर बंदिस्त निवाऱ्यात कधीच नको.

दिवस लहान झाला की खायला वेळ कमी मिळतो, म्हणून संध्याकाळचा दिवा टायमरवर घेतला. एकूण उजेड ११ तास, त्याहून जास्त नाही, नाहीतर पुन्हा जोड्या जुंपतात. दिवा पटकन विझला तर पक्षी अंधारात हवेतच अडकतो, म्हणून शेवटची २० मिनिटं तो मंद होत जातो. रात्रभर अगदी मिणमिणता दिवा असतो. कॉकाटेल रात्री दचकून जाळीवर आदळतात, त्यांना परत दांडी सापडायला हवी.

शून्याच्या आसपास

राळ्याच्या मिश्रणात ओट्स वाढवले, सूर्यफूल थोडंच. झोपण्याआधी पोटभर खाणं महत्त्वाचं. मग भांडी बाहेर, नाहीतर उंदीर आत. पाणी सकाळी कोमट भरायचं, दुपारी बर्फ पाहायचा. आंघोळीचं भांडं फक्त सकाळी आणि ऊन असेल तरच.

वजन ग्रॅमच्या काट्यावर, दर आठवड्याला, सकाळी खाण्याआधी. नुसतं पाहून कळत नाही, कारण फुगलेली पिसं बारीक झालेलं अंग लपवतात. १० टक्के घट म्हणजे पक्ष्यांच्या डॉक्टरकडे. एका पायावर, पिसं फुगवून झोपणं नेहमीचं. भर दुपारी दोन्ही पायांवर फुगून बसणं आणि श्वासाबरोबर शेपूट हलणं हे आजाराचं लक्षण. असा पक्षी आत घ्यायचा, पिंजऱ्याच्या एका बाजूला २८ ते ३० अंश ऊब द्यायची. बरा झाला तरी या मोसमात तो परत बाहेर जात नाही.

बोट सुजून लाल किंवा काळपट दिसलं तर चोळू नका, गरम पाण्यातही धरू नका. पक्षी उबेत आणा आणि डॉक्टरला दाखवा.

अजून बाकी: दुहेरी दाराच्या मधल्या जागेला प्लाय लावायचा आहे. दार उघडलं की थंड हवेचा लोट सरळ खालच्या दांडीवर येतो.