लाईट गेली अन् वर्ग टेबलाभोवती जमला

२८ फेब्रुवारी, विज्ञान दिन. नववीच्या पोरांसाठी मी पुण्याच्या एका रेडिओ खगोलशास्त्रज्ञांना व्हिडिओ कॉलवर बोलवलं होतं, नारायणगावजवळ खोडदला आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारी जी जीएमआरटी दुर्बीण आहे ना, तिच्यावर काम करतात ते. आठवडाभर आधीच प्रश्न लिहून घेतले, त्यातले दहा मी निवडले, कोण कधी विचारणार तेही ठरवलं. सगळे पुस्तकातलेच होते.

सरांनी फोटो लावले, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, अन् तेवढ्यात लाईट गेली. प्रोजेक्टर बंद, वायफाय बंद. मी घाईघाईत मोबाईलवरून परत कॉल लावला, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला, झालं, अख्खा वर्ग बेंच सोडून टेबलाभोवती.

यादीचं मग कोणाला भानच नाही. मागून एक पोरगा घुसत पुढे आला, वर्षभरात माझ्या तासाला त्याने तोंड उघडलेलं मला आठवत नाही, त्याचे बाबा कूलर बनवतात आणि आता सीझन म्हणून तोही शाळा सुटली की तिकडेच असतो. म्हणे, "सर, ती डिश तर जाळीची आहे ना, आमच्या कूलरसारखी? त्यातून हवा निघून जाते, मग लहरी काहून नाही निघून जात?"

सर एकदम स्क्रीनजवळ आले. "हवा जावी म्हणूनच तर जाळी आहे बेटा! एवढी मोठी डिश पत्र्याची केली तर वारा तिला ढकलत राहील, मग तिला पेलायला केवढा जड सांगाडा लागेल, केवढा खर्च. आणि आमच्या लहरी साधारण २१ सेंटीमीटर आणि त्याहूनही लांब, जाळीचं भोक एक-दोन सेंटीमीटरचं. लहरीसाठी तो सपाट पत्राच."

"म्हणजे बारीक लहर असली तर निघून जाईल?"

"जाईल ना. उजेड जातोच की आरपार."

तरंगलांबी मी फळ्यावर किती वेळा काढली असेल, पण जाळीशी कधी जोडली नव्हती. प्रश्न आधी निवडून घेणं मी त्या दिवसापासून बंद केलंय, कारण माझ्या निवडीत हा प्रश्न आलाच नसता, त्याने कागदावर लिहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो प्रार्थनेआधीच दारात उभा, हातात कूलरच्या जाळीचा कापलेला तुकडा आणि पट्टी. "मॅडम, आमचं भोक १२ मिलिमीटर भरलं. सरांना सांगता का?" मी व्हॉईस मेसेज चालू करून फोन त्याच्याच हातात दिला.