गरम झाल्यावर धरणारा पुढचा डिस्क ब्रेक

परभणीत सकाळी मोटरसायकल निघते तेव्हा पुढचं चाक अगदी मोकळं. जिंतूर रस्त्याला लागून दहा-पंधरा किलोमीटर झाले की गाडी ओढत नाही, ब्रेकचा लिव्हर टणक होतो आणि डिस्कवर टाकलेला पाण्याचा थेंब चर्रकन उडतो. गॅरेजमध्ये पोचून थोडा वेळ उभी केली की चाक पुन्हा मोकळं! तपासणाऱ्याला काही दिसतच नाही, म्हणून पॅड बदलून देतात. या गाडीचेही बदलले होते, काडीचा फरक पडला नव्हता.

मी एवढंच शोधत होतो, की दाब नेमका कुठे अडकलाय. हे चाक जाम असतानाच कळतं, म्हणून गॅरेजच्या आसपासच फेऱ्या मारल्या. तपासायचं वरून खाली. बरेच जण आधी कॅलिपरचा, म्हणजे चाकाजवळ डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, ऑइल सोडायचा निप्पल उघडतात. चाक सुटतं, पण सगळा दाब निघून जातो आणि दोष वर होता की खाली ते कळायचा मार्गच संपतो.

पहिल्यांदा लिव्हरचा बोल्ट काढून लिव्हर बाजूला केला. गाडी पडल्यावर डुप्लिकेट लिव्हर बसवला असेल तर तो मास्टर सिलिंडरचा, म्हणजे हँडलवरच्या ब्रेकच्या पंपाचा, पिस्टन कायम थोडा दाबून ठेवतो. इथे तसं नव्हतं, चाक जामच राहिलं. मग मास्टर सिलिंडरला पाइप जोडणाऱ्या बँजो बोल्टभोवती कापड गुंडाळून तो पाव फेरा ढिला केला. ब्रेक ऑइलची चिळकांडी आली आणि चाक सुटलं. म्हणजे दोष मास्टर सिलिंडरमध्ये. इथे न सुटता खालच्या निप्पलला सुटलं असतं, तर पाइप आतून फुगलेला. दोन्हीकडे नाही सुटलं, तर कॅलिपरचा पिस्टन गंजलेला किंवा कॅलिपर जिच्यावर सरकतो ती स्लाइड पिन कोरडी. एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या) गाडीत मधे दाब कमी-जास्त करणारा मॉड्युलेटर असतो, तिथे हा हिशेब इतका सरळ बसत नाही.

मास्टर सिलिंडरवरच्या ऑइलच्या टाकीत तळाला दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक सुईच्या टोकाएवढं. ब्रेक सोडलेला असताना तापून फुगलेलं ऑइल या बारीक भोकातून टाकीत परततं. ते बंद असेल तर ऑइल पॅड दाबतं, पॅड घासून डिस्क तापते, ऑइल आणखी फुगतं. मे महिन्याच्या उन्हात हे चक्र लवकर सुरू होतं. झाकण काढून लिव्हर हलकेच दाबला की बारीक भोकातून ऑइल किंचित उसळायला हवं. इथे हललंसुद्धा नाही. तारेचा एक बारीक केस आत घातला तर तो रबराला टेकला. भोकात कचरा नव्हता, पिस्टनचं सीलच फुगून त्याच्यावर आलं होतं. झाकणाखालचा रबरी पडदाही लाटा आल्यासारखा वाकडा, जागेवर बसेना. पेट्रोलने धुतलेल्या किंवा इंजिन ऑइल लागलेल्या ब्रेकची ही पक्की खूण आहे.

म्हणून नुसतं भोक साफ करून भागत नाही. मास्टर सिलिंडरचं किट, पडदा, कॅलिपरची सीलं, पाइप, असं आतलं सगळं रबर बदललं. जुनं ठेवलं तर त्यात मुरलेलं पेट्रोल किंवा इंजिन ऑइल नव्या सीलला फुगवतं. भोक तारेने मोठं करायचा मोह तर अजिबात नको, त्याची कड सील कापते. धातूचे भाग ब्रेक क्लीनरने धुऊन वाळवले, सीलांना ताजं ब्रेक ऑइल लावलं, स्लाइड पिनला सिलिकॉन ग्रीस, बँजोला दोन्ही बाजूंनी नवे वॉशर. टाकीवर लिहिलेल्या प्रतीचं ब्रेक ऑइल, डॉट 4, भरून, पारदर्शक नळीतून बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढली. तोवर गाडी रस्त्यावर न्यायची नाही. सांडलेलं ऑइल रंग खातं, लगेच पाण्याने धुवावं. 250 मिलीची सीलबंद बाटली पुरते. उरलेलं ठेवू नये, ते हवेतला ओलावा ओढतं. कोरड्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, ओलावा शिरल्यावर तो 155 पर्यंत येऊ शकतो.