राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी चढवलं, त्याची गोष्ट

आमच्या घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे. स्पीड टेस्ट कधीही लावा, आकडा पूर्ण येतो. तरीही कुणाच्या मोबाइलमधले फोटो क्लाउडवर चढायला लागले की बायकोच्या मीटिंगमध्ये आवाज तुटायचा. शोधाशोध केल्यावर कळलं की घोळ रांगेचा आहे. लाइन भरली की उपकरणं जास्तीचा डेटा साठवत बसतात आणि आवाजाची छोटी पाकिटं त्या गर्दीत मागे अडकतात. याला बफरब्लोट म्हणतात. त्यावरचा उपाय ओपनडब्ल्यूआरटीत फुकट मिळतो. हे राउटरवर कंपनीच्या फर्मवेअरच्या, म्हणजे राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, जागी टाकायचं मोफत फर्मवेअर.

लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टीम होती. लिनक्सच्या जीपीएल परवान्यानुसार ते वापरून उपकरण विकलं की कोडही द्यावा लागतो, त्यामुळे त्याचा सोर्स कोड २००३ मध्ये खुला झाला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीचा प्रकल्प उभा राहिला. आजही तो जगभरचे स्वयंसेवक चालवतात, याचं मला फार अप्रूप आहे.

माझा राउटर टीपी-लिंकचा आर्चर सी७. खरा वेळ गेला तो तयारीत, आणि तो जायलाच हवा. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना वेगवेगळी फाइल लागते, म्हणून राउटरच्या पोटाखालचं लेबल नीट वाचलं. माझा व्ही५ निघाला. त्यात १६ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा) आणि १२८ एमबी रॅम आहे, तेवढं पुरतं. ४ एमबी फ्लॅश किंवा ३२ एमबी रॅमचा जुना राउटर असेल तर या फंदात पडू नका, नव्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत.

मूळ फर्मवेअरवरून जाताना नावात ‘फॅक्टरी’ असलेली फाइल घ्यायची. ‘सिसअपग्रेड’ची फाइल पुढच्या अपडेटसाठी. फाइल उतरवून तिचा एसएचए२५६ चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी आली की नाही ते सांगणारा आकडा, जुळवला. केबलवाल्या दादांना फोन करून पीपीपीओईचं, म्हणजे नेट कंपनीकडे लॉगिन करायचं, युजरनेम आणि पासवर्ड लिहून घेतला. हे आधीच केलेलं बरं, कारण एकदा सेटिंग पुसली गेली की नेट त्याशिवाय सुरू होत नाही. काही बिघडलंच तर टीएफटीपीने (केबलवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) मूळ फर्मवेअर परत कसं टाकायचं, तेही वाचून ठेवलं.

प्रत्यक्ष काम मग थोडक्यात झालं. लॅपटॉप लॅन केबलने जोडला, कारण नव्या फर्मवेअरमध्ये वायफाय सुरुवातीला बंद असतं. राउटरच्या जुन्या सेटिंग पानावरच्या फर्मवेअर अपग्रेडमध्ये फाइल दिली आणि दिवे स्थिर होईपर्यंत कशालाही हात लावला नाही. मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ वर ल्युसीचं, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीच्या सेटिंगचं, पान उघडलं. पहिलं काम रूटला, म्हणजे मुख्य खात्याला, पासवर्ड देण्याचं, कारण तो रिकामा असतो. मग पीपीपीओई, मग वायफाय. वायफायमध्ये देश भारत निवडायला विसरू नका. कोणते चॅनल किती ताकदीने वापरायचे, ते त्यावरून ठरतं.

ज्यासाठी हे सगळं केलं ते एसक्यूएमचं, म्हणजे रांग आटोक्यात ठेवणारं, पॅकेज शेवटी टाकलं. इंटरफेस पीपीपीओईचा, रांग लावायची पद्धत ‘केक’. वेग दोन्ही बाजूंनी ९०,००० केबीपीएस, म्हणजे प्लॅनच्या ९० टक्के. थोडा वेग मुद्दाम सोडायचा, म्हणजे रांग आपल्या राउटरमध्येच लागते आणि केक तिला शिस्त लावतो. आधी अपलोड चालू असताना पिंग, म्हणजे पाकीट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, दोनशे मिलिसेकंदांच्या वर जायचा, आता वीसच्या आसपास राहतो. फोटो चढत असताना मीटिंग अखंड चालते. दहा एमबीपीएस सोडल्याचं घरात कुणाला जाणवलंही नाही.

मात्र एसक्यूएमचं सगळं ओझं राउटरच्या प्रोसेसरवर पडतं. तुमचा प्लॅन ३०० किंवा ५०० एमबीपीएसचा असेल तर सी७ पुरा पडणार नाही, जास्त ताकदीचा राउटर बघा.

पुढच्या अपडेटला ‘सेटिंग जपा’वर टिक करता येते, पण नेहमीच्या सिसअपग्रेड फाइलने अपडेट केलं तर वरून टाकलेली पॅकेजं उडतात. एसक्यूएम पुन्हा टाकावं लागतं. सेटिंगचा बॅकअप मी लॅपटॉपवर ठेवलाय आणि पॅकेजांची यादी त्याच फोल्डरमध्ये.