तुम्ही विचारलंत म्हणून: पाला घालूनही टोके का होतात?

"गव्हाच्या कोठीत कडुलिंबाचा पाला घातला होता, तरी जुलैत टोके निघालेच. मग गोळ्याच टाकायच्या का?" ठाण्यात पावसाळा लागला की हा प्रश्न ठरलेला.

गोळ्या नकोत. सेल्फॉस या धान्यातल्या कीडनाशक गोळीला हवेतली ओल लागली की फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद फ्लॅटमध्ये तो माणसाचाही जीव घेतो. ते काम गोदामात धुरी देणाऱ्या प्रशिक्षित लोकांचं.

पाल्याच्या वासाने बाहेरचा किडा लांब राहतो, आतला मरत नाही. टोक्यांची मादी दाण्याला बारीक भोक पाडून अंडं आत घालते आणि भोक लिंपून टाकते. दाणा वरून धडधाकट दिसतो. महिना-सव्वा महिन्याने किडा बाहेर पडतो. मेअखेरीस वाशीच्या बाजारातून आणलेल्या पोत्यातच तो आलेला असू शकतो. पाला बिचारा दारावर राखण करतोय आणि चोर केव्हाचा घरात!

म्हणून आधी ऊन. गहू आणि कडधान्यं मे महिन्यात सोसायटीच्या गच्चीवर पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक वाळवा. दाणा दाताखाली कट्‌कन तुटला पाहिजे. दबला तर अजून ओल आहे. मग सावलीत पूर्ण गार होऊ द्या. गरम धान्य डब्यात भरलं की झाकणाला आतून घाम येतो आणि बुरशी धरते. तांदळाला मात्र ऊन दाखवू नका, तुकडा पडतो.

पालाही सावलीतच वाळवा, मुठीत चुरा होईपर्यंत. ओला पाला धान्याला ओल देतो. तो मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवा, नाहीतर चुरा दळणात जातो आणि पोळी कडू लागते. वीस किलोच्या कोठीत तळाला, मध्ये आणि वर अशा तीन पुरचुंड्या घाला. वास उतरला की बदला.

मूग, चवळी, मटकीचं गणित वेगळं. इथे भुंगेरा अंडं सालीवर चिकटवतो, ते पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं. ते बाहेरच असल्यामुळे तेलाचा पातळ थर त्याला गुदमरवतो. कडधान्यापुरतं एरंडेल खरोखर औषध आहे, नुसता पहारेकरी नाही. किलोला एक चमचा, म्हणजे 5 मिली. परातीत थोडं थोडं टाकत तळव्यांनी चोळा, दाणे चमकले की थांबा. जास्त झालं तर दाणे एकमेकांना चिकटतात. पण अळी एकदा दाण्यात शिरली की तेलाचा फारसा उपयोग नाही, म्हणून आणल्या आठवड्यातच चोळा. शिजवण्याआधी कोमट पाण्याने धुवायचं.

वेखंडाचा उग्र वास किड्यांना सोसत नाही, पण त्याची पूड धान्यात मिसळू नका. त्यातलं बीटा-ॲसरोन पोटात जाणं बरं नाही; प्रयोगात त्याने उंदरांना कर्करोग झाला आहे. अख्खे तुकडे, कापडात बांधून, एवढंच.

रवा, मैदा, बेसन यांना पाला, तेल काहीच लागू पडत नाही. थोडंच आणा, हवाबंद पिशवीत चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, त्याने अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी घरच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर रव्याला पाणी सुटतं.