सकाळपर्यंत थांबलं तर चालणार नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करतो आणि हा प्रश्न मला बहुतेक वेळा रात्रीच ऐकू येतो: "डॉक्टर, आत्ता एखादं इंजेक्शन द्या, सकाळी तपासण्या करून ठरवू." एरवी कितीतरी दुखण्यांत मीच असं सुचवतो. वृषणाला पीळ पडल्याची शंका असेल तर मात्र नाही.

वृषण ज्या दोरीसारख्या नाळेला लटकलेलं असतं, तिच्यातूनच त्याच्या रक्तवाहिन्या जातात. काही मुलांमध्ये ते अंडकोशात नीट धरलेलं नसतं, घंटेच्या लोलकासारखं मोकळं झुलतं आणि कधीतरी गिरकी घेतं. आधी रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दबतात, वृषण सुजतं. मग आत येणारं रक्तही थांबतं. दुखायला लागल्यापासून साधारण 6 तासांत पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचतं. 12 तासांनंतर भरवसा नाही, 24 तासांनंतर तर फारच क्वचित. पीळ घट्ट असेल तर 6 तासांचीही हमी नसते.

हे नवजात बाळात होतं, पण जास्त करून 12 ते 18 या वयात. म्हणजे नेमकं अशा वयात, की मुलगा आईसमोर शर्टही बदलत नाही. तो "पोटात दुखतंय" म्हणतो. ते खोटंच असतं असं नाही, कळ खरंच ओटीपोटात जाते, उलट्याही होतात. मग घरी पित्ताची गोळी दिली जाते. डॉक्टरही चुकतात. शिकत असताना मीही एका मुलाचं पोट दाबदाबून पाहिलं होतं, चड्डी खाली करायला सांगितलं नव्हतं. वरिष्ठांनी सांगितलं, तोवर तासभर गेला होता.

डॉप्लर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसतो, लगेच होणार असेल तर करावी. पण वृषण वर ओढलं गेलंय, आडवं झालंय, मांडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तरी जागचं हलत नाही, असं दिसलं की मी तिची वाट पाहत नाही. कधी उघडल्यावर पीळ नसतोच. छोटीशी जखम वाया गेली, एवढंच. ते मला परवडतं.

पीळ सोडवल्यावर वृषण कोमट ओल्या कापडात गुंडाळून आम्ही थांबतो. रंग परतला तर टाके घालून जागेवर बसवतो. काळंच राहिलं तर काढावं लागतं. दुसऱ्या बाजूलाही टाके घालतो, कारण तिकडची ठेवण बहुधा तशीच असते. एक गेलं तरी आवाज फुटतो, दाढी येते, पुढे मुलंही सहसा होतात. आईवडिलांना हे विचारायचं असतं, पण ते विचारत नाहीत, म्हणून मीच सांगतो.

मध्यंतरी एका मुलाच्या आईला विचारलं, दुखायला कधी लागलं? "आत्ता तासाभरापूर्वी," त्या म्हणाल्या. मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो पुटपुटला, "शाळेतून आलो तेव्हापासून." तेव्हा रात्रीचे अकरा वाजत होते. मी भूलतज्ज्ञांना फोन लावला.