कार्ब्युरेटरखाली गरम पाणी कशाला?

"थंड हवेवर इंजिन जोरात चालते, मग तुम्ही कार्ब्युरेटरखाली गरम पाणी का फिरवता?" माझ्या कार्ब्युरेटरवाल्या (म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग असलेल्या) जुन्या मारुती जिप्सीचे बॉनेट उघडले की साताऱ्यात हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो.

कार्ब्युरेटरमधले मिश्रण सिलिंडरांकडे नेणाऱ्या मूळ इनटेक मॅनिफोल्डच्या पोटातून इंजिनाचे गरम पाणी फिरत असे. मी नंतर बसवलेल्या आफ्टरमार्केट (बाहेरच्या कंपनीच्या) मॅनिफोल्डच्या वाटा रुंद आहेत, पण त्यात पाण्याला जागा ठेवलेली नाही. उन्हाळाभर काहीच जाणवले नाही. जुलैमध्ये मात्र पसरणी घाट चढून पाचगणीच्या अलीकडे धुक्यात, वाहनांच्या रांगेत सरकत असताना इंजिन गुदमरून बंद पडले आणि दहा मिनिटांनी जणू काही झालेच नाही असे सुरू झाले. पुढच्या वेळी मी लगेच एअर फिल्टर काढून पाहिले, तेव्हा थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या, पाकळीभोवती फ्रीझरमध्ये धरतो तसा पांढरा बर्फ होता.

बाहेर १८-२० अंश तापमान असताना बर्फ धरतो, यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. पेट्रोलचे बाष्प होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेते, शिवाय अर्धवट उघड्या पाकळीपाशी हवेचा दाब घटतो, त्यामुळे तेथील तापमान वीसेक अंशांनी सहज उतरू शकते आणि धुक्यातला ओलावा तिथेच गोठतो. इंजिन थांबले की खालची उष्णता वर चढून बर्फ वितळतो, म्हणून मेकॅनिक येईपर्यंत पुरावा उरत नाही आणि दोष ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या बिचाऱ्या कॉइलवर जातो. आपल्याकडच्या उसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते. त्याचे बाष्प होण्यासाठी पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता लागते, म्हणजे ही अडचण वाढणारच.

यावर उपाय म्हणजे कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामधला, पाण्याची वाट असलेला ॲल्युमिनियमचा स्पेसर, म्हणजे जाड चकती. मला मिळालेला स्पेसर दुसऱ्या गाडीचा होता; त्याची स्टडची (तो आवळणाऱ्या आटेदार दांड्यांची) भोके जुळत नव्हती आणि त्याचे तोंड मॅनिफोल्डच्या तोंडापेक्षा लहान होते. अशी पायरी राहिली तर तिच्यापाशी पेट्रोल साचते, म्हणून तोंड मोठे करणे भाग होते. पाण्याची वाट आतून नेमकी कुठून जाते हे तारेने मापून, तिच्यापर्यंत किमान ४ मिलिमीटर धातू शिल्लक राहील एवढेच आम्ही कापले. एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये जुनी भोके वेल्डिंगने बुजवली, आणि वेल्डिंगमुळे ॲल्युमिनियम वाकतेच, म्हणून दोन्ही बाजू मिलिंग मशीनवर पुन्हा सपाट करून घेतल्या. ही पायरी कृपया कुणीही टाळू नये. मग पाण्याची नळी जोडायच्या दोन तोट्यांपैकी (निपलपैकी) एक बंद करून, दुसरीतून हवा भरून स्पेसर पाण्याच्या बादलीत बुडवला. बुडबुडा दिसला असता तर मी तो बसवलाच नसता, कारण इथली गळती थेट सिलिंडरमध्ये उतरते आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

स्पेसरमुळे कार्ब्युरेटर २५ मिलिमीटर वर आला. स्टड लांब घ्यावे लागले आणि ॲक्सिलरेटर केबलचे ब्रॅकेट उचलावे लागले. बॉनेट लागते का हे पाहण्यासाठी एअर फिल्टरवर गणपतीची उरलेली शाडू माती ठेवून बॉनेट बंद केले; ती दबून जेवढी जाड राहिली, तेवढी मोकळी जागा.

पाणी हीटरच्या नळीतून घेतले आहे आणि मध्ये एक कॉक बसवला आहे, कारण प्रश्न विचारणाऱ्यांचे म्हणणे वर्षातले काही महिने खरेच असते. एप्रिल-मे महिन्यांत गाडी उभी केल्यावर तापलेल्या कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळते आणि सेल्फ मारत बसावे लागते. म्हणून होळीला मी कॉक बंद करतो आणि मृग लागला की उघडतो.