कारवीच्या पानावरची पेन्सिल

आज फोर्टमधल्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशाचा एक खंड हाती लागला. मूळ ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात लंडनहून निघाला. माझी प्रत भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९५८ मध्ये तीन खंडांत काढलेल्या पुनर्मुद्रणातली आहे. बांधणी सैल झाली आहे, कडांना कसर लागली आहे आणि बाकीचे दोन खंड कुठे गेले ते विक्रेत्यालाही ठाऊक नव्हते. तरीही घासाघीस न करता मी तो घेतला.

मूळचे इंजिनिअर असलेले कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राचार्य होते. वनस्पती कुठे सापडली, कोणी गोळा केली, कधी फुलते आणि स्थानिक लोक तिला काय म्हणतात, हे त्यांनी ज्या निगुतीने नोंदवले आहे, ते वाचताना सह्याद्रीच्या ओळखीच्या वाटा डोळ्यांपुढे उभ्या राहतात.

कारवीच्या पानावर मात्र मी बराच वेळ थांबलो. समासात कुणीतरी बारीक पेन्सिलीने ‘खंडाळा, सगळा उतार जांभळा’ असे लिहिले आहे आणि शेजारी एका चपट्या पानाचा तपकिरी ठसा उमटला आहे. पान केव्हाच गळून गेले असावे. सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी त्या वाचकाने नेमकी गाठली होती. ती नोंद पुसट होऊ नये म्हणून त्या पानावर मी बटरपेपर घातला आहे. उरलेले दोन खंड कुणाला दिसले, तर मला अवश्य कळवा.